कंपोस्टच्या बादलीला वास येतोय, अळ्या झाल्यात – बंद करू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी बाल्कनीत ओल्या कचऱ्याची बादली सुरू केली, आता तिला वास येतो, अळ्या वळवळतात, सासूबाई म्हणतात बंद कर ते, आणि एका घराने असा काय फरक पडणार असंही वाटायला लागलंय. बादली फेकू नका प्लीज. आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर नऊ वर्षं हेच करतोय आणि पहिल्या पावसाळ्यात आमच्याकडे पण डिट्टो हेच झालं होतं.

वास येतो म्हणजे ओलं जास्त झालंय आणि आत हवा खेळत नाहीये, बाकी काही नाही. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या साधारण 25-30 पट कार्बन लागतो, भाज्यांची देठं, सालं, खरकटं यात पाणी आणि नायट्रोजनच जास्त, कार्बन येतो वाळक्या पानांतून, पुठ्ठ्यातून, लाकडाच्या भुशातून. आपण काय करतो, रोजचं ओलं टाकत राहतो आणि वर चिमूटभर कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भुरभुरवतो. तेवढ्याने होत नाही. एक वाटी ओलं तर एक वाटी सुकं, निदान सुरुवातीला तरी एवढं पाहिजेच. आता बादली एकदा पेपरवर पूर्ण उपडी करा, भरपूर पालापाचोळा मिसळा, हाताने सैल करून परत भरा. मग मूठभर घेऊन दाबून बघायचं, पाणी गळलं तर अजून सुकं घाला, लाडूसारखा वळला गेला आणि हात नुसता ओलसर झाला तर बरोबर. बादलीला बाजूने आणि तळाला भोकं आहेत ना? नसतील तर आधी ती पाडून घ्या आणि खाली ताटली ठेवा. वरण, ताक, आमटी असलं पातळ अजिबात टाकू नका, गाळून फक्त चोथा टाका.

अळ्यांचं म्हणाल तर मोठ्या, राखाडी-तपकिरी, चपट्या असतील तर त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या, त्या कचरा भराभर खातात, त्यांची माशी चावत नाही आणि घरमाशीसारखी जेवणावरही घोंघावत नाही. किळस वाटते हे मान्य, मलाही वाटायची. रोजच्या कचऱ्यावर सुक्याचा बोटभर थर दिला की माशीला अंडी घालायला जागा मिळत नाही, निंबोळी पेंडही थोडी भुरभुरवा.

पालापाचोळा विकत घेऊ नका हो! फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायटीत ढिगाने पडतो आणि लोक तो चक्क पेटवतात, त्या धुराने म्हाताऱ्यांना आणि दम्याच्या लोकांना किती त्रास होतो. आम्ही चार गोण्या भरून जिन्याखाली ठेवतो, वर्षभर पुरतात.

आता एका घराचं. आपल्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं शहराजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांत जाऊन पडला, तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवायला लागल्या. आणि सगळ्यात वाईट असतं ते ओलंच, ढिगाऱ्यात हवेशिवाय कुजलं की मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा 28 पट जास्त उष्णता धरून ठेवतो. शिवाय आपल्या दारावर येणाऱ्या कचरावेचक ताई हाताने सुकं निवडतात, कागदावर आमटी सांडलेली असेल तर त्यांचा तो कागद विकला जात नाही. ओलं घरातच जिरलं की त्यांना कोरडा, स्वच्छ माल मिळतो, हा फरक मला तरी लहान वाटत नाही.

पिशवी घेऊन बाजारात जाणं, जवळच्या अंतराला चालत जाणं, हे सगळं कराच, पण सुरुवात कचऱ्यापासून करा असं मी सगळ्यांना सांगते कारण आपण किती अन्न फेकतो ते बादलीत डोळ्यांनी दिसतं. आम्ही चार जण, तरी रोज दोन-तीन पोळ्या आणि भात त्यात जायचा, ते बघून बघून आपोआप कणीक मापून भिजवायला लागले.

सासूबाईंसाठी एक करा, खालचं तयार झालेलं खत (काळं, मातीचा वास येणारं) चाळून त्यांच्या तुळशीला दोन मुठी घाला. आमच्याकडे आईंचा विरोध तिथेच संपला, आता निर्माल्य त्याच आणून टाकतात. आठ दिवसांनी वास कमी झाला का ते नक्की कळवा, नाहीच झाला तर बादलीचा फोटो टाका.