मडगावच्या आमच्या सोसायटीत दहा-बारा सायकली गंजत पडल्या आहेत. त्या दुरुस्त करून गरजूंना द्यायच्या आहेत. संस्था नोंदवावी लागेल का? सुरुवात कुठून करू?

दहा-बारा सायकलींसाठी संस्था नोंदवायची गरज नाही. मालकांची लेखी संमती, पावसाचं पाणी न येणारी एक जागा आणि सायकलीचं काम जाणणारा एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. नोंदणीचं शेवटी लिहितो, कारण त्याहून महत्त्वाचं आधी सांगायचं आहे. आम्ही काही मित्र फोंडा तालुक्यात बरीच वर्षं हेच काम करतो. दिलेली सायकल पडून राहते ती बहुतेक वेळा त्या माणसाच्या उंचीला, त्याच्या रस्त्याला किंवा त्याच्या कामाच्या वेळेला ती जुळत नाही म्हणून. तेव्हा आधी माणूस शोधा आणि मग त्याच्यासाठी सायकल तयार करा.

सायकल द्यायची म्हटलं की शाळेची मुलं पहिली आठवतात. गोव्यात बऱ्याच शाळांना बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी बस आहे, त्यामुळे मुलांचं जाणं-येणं थोडंफार निभतं. खरी ओढाताण होते ती कामाला जाणाऱ्या मोठ्या माणसांची. कुंडई, बेतोडा, वेर्णा इथल्या औद्योगिक वसाहतींत पाळी पहाटे सुरू होते नाहीतर रात्री उशिरा सुटते, आणि आतल्या गावाची शेवटची बस त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. रात्रपाळीचा वॉचमन, हॉटेलात भांडी घासणारी बाई, बांधकामावरचा मजूर, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, कामाला येणारा गडी यांना रोज पायलट, म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी, करून जाणं परवडत नाही आणि स्कूटरचा हप्ताही झेपत नाही. ही माणसं अर्ज घेऊन तुमच्याकडे येणार नाहीत. वसाहतीच्या फाटकावरच्या चहावाल्याला, पंचाला, पहाटे पाव घेऊन फिरणाऱ्या पोदेराला विचारा. कोण रोज अंधारात चालत जातं हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

भेटल्यावर पहिला प्रश्न अंतराचा विचारा. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि ही वाढ मुख्यतः जिथून शाळा तीन किलोमीटर किंवा जास्त लांब होती त्या गावांतली होती. आमचाही अनुभव तोच सांगतो. दोन किलोमीटर माणूस चालून जातो. चढउताराचे बारा किलोमीटर दमलेलं शरीर रोज ओढत नाही. मधल्या तीन ते आठ किलोमीटरांत सायकल माणसाचा रोजचा तास-दीड तास वाचवते.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. तुम्ही मडगावचे, म्हणजे कोलवा, बाणावली, वार्का या बाजूला जाणाऱ्यांना साधी काळी सायकल पुरते, रस्ता सपाट आहे. वेर्ण्याच्या पठारावर कामाला जाणाऱ्याला मात्र तीच सायकल छळेल. साध्या सायकलीला मागे बहुधा १८ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, असतं. ते काढून २० किंवा २२ दातांचं बसवा आणि लागली तर चेनला एखादी कडी वाढवा. खर्च थोडा आहे, पण चढावर उतरून ढकलत नेणं बरंच कमी होतं. गिअरवाल्या जुन्या सायकली दान म्हणून पुष्कळ येतात. त्यांचं गिअर आपल्या हवेत गंजून अडकलेलं असतं आणि भाग मिळायला वेळ लागतो. मागच्या चाकाची खाच आडवी असेल, म्हणजे चाक मागे सरकवून चेन ताणता येत असेल, तर गिअर काढून ती सरळ एकेरी करून टाका.

उतारासाठी ब्रेक बघा, आणि तो पावसातला बघा. स्टीलची चकचकीत रिम भिजली की रबर तिच्यावरून नुसतं घसरतं. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही बऱ्यापैकी पकड राहते. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या रिमा आल्या की त्या आम्ही चढउताराच्या रस्त्यांसाठी बाजूला काढून ठेवतो. इतर कसलीही काटकसर चालेल, पण ब्रेकचं रबर आणि केबल जुनी घालून कुणाला सायकल देऊ नका.

माशेलजवळच्या एका वाड्यावरून कुंडईला कँटीनमध्ये स्वयंपाकाला जाणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना आधी कुणीतरी सायकल दिली होती, दिसायला छान, आणि ती सोप्यावर टेकून उभी होती. सायकल चालवता येत होती त्यांना, लहानपणी भावाच्या सायकलवर शिकलेल्या. आम्ही ती बघायला गेलो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "दादा, पाय टेकत नाहीत, आणि ओढणी चेनमध्ये जाते." मधल्या दांड्याची पुरुषी सायकल होती ती, चेनकव्हर नसलेली. आम्ही लेडीज फ्रेमची एक सायकल काढली, पूर्ण चेनकव्हर बसवलं, डब्यासाठी पुढे जाळी लावली आणि सीट इतकी खाली घेतली की दोन्ही चवडे जमिनीला लागतील. सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि पाना त्यांच्याच हातात दिला. धीर आला तशी त्यांनी स्वतः एकेक खूण वर घेतली. आज त्या पाऊस असो नसो, सायकलवरच जातात.

हे मुद्दाम सविस्तर लिहिलं, कारण अशी सायकल पडून दिसली की लोक लगेच म्हणतात, फुकट मिळालेल्याची किंमत नसते. मला हे अजिबात पटत नाही. ज्याचा दिवसाचा रोज बुडाला तर चूल अडते, त्याला चालू सायकलीची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते. ती उभी राहिली असेल तर आधी सीट बघा, ब्रेक बघा, टायरमधली हवा बघा. याच कारणाने मी वाटपाच्या समारंभांच्या विरोधात आहे. मंडप, हार, पाहुणे आणि रांगेत एकाच मापाच्या सायकली. तिथे कुणाचे पाय टेकतात की नाही हे बघायला कुणालाच वेळ नसतो, आणि घेणाऱ्याला फोटोसाठी उभं केलं जातं ते वेगळंच.

अमेरिकेतल्या अनेक सामुदायिक कार्यशाळांत माणूस काही तास तिथे काम करतो आणि त्या बदल्यात सायकल मिळवतो. पद्धत सुंदर आहे, हात शिकतात. पण आपल्या रोजंदारीच्या माणसाकडे तेवढे मोकळे तास कुठून येणार? आम्ही एका संध्याकाळी त्याला सोबत बसवतो आणि पंक्चर काढणं, उतरलेली चेन चढवणं, ब्रेक घट्ट करणं एवढं त्याच्याकडून करून घेतो. ते पुरतं.

आता दुरुस्तीचं. बाहेर काढाल तेव्हा आधी फ्रेम आणि पुढचा चिमटा बघा. तडा गेलेला किंवा वाकलेला असेल तर ती सायकल सुट्या भागांसाठी ठेवा, माणसाला देऊ नका. तीन पडक्या सायकलींतून दोन उभ्या राहिल्या तर चांगलं झालं समजा. खाऱ्या हवेने सीटचा दांडा फ्रेममध्ये असा धरलेला असतो की हलता हलत नाही. घाईने हातोडा मारू नका, गंज सोडवणारं तेल घालून एक-दोन दिवस राहू द्या. पेडल काढताना लक्षात असू द्या की डावीकडच्या पेडलाचा आटा उलटा असतो. क्रँकचा आस उघडलात तर ग्रीसच्या जागी तांबडी माती आणि गंज यांचा राबडा सापडेल, छर्रे खवल्याखवल्यांचे झालेले. पुसून तेच परत घालायचा मोह होतो. छर्रे नवेच घाला, ते सर्वात स्वस्त असतात. मग रिमचा आऊट काढा, म्हणजे तारा कमी-जास्त ताणून चाक सरळ फिरेल असं करा. चेन मोजायची सोपी रीत अशी: एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोडी, अशा बारा जोड्या नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. त्या आठवा भाग इंच जास्त भरल्या तर चेनबरोबर मागचं फ्रीव्हीलही गेलेलं असतं.

टायर घेताना एक गोष्ट सांभाळा. दोन सायकलींवर २६ इंच लिहिलेलं असलं म्हणून टायर एकमेकांना बसतील असं नाही. जाड टायरच्या डोंगरी सायकलीची २६ ची रिम ५५९ मिलिमीटरची असते, २६ बाय १⅜ ची ५९० ची आणि २६ बाय १½ ची ५८४ ची. टायरच्या कडेला बारीक अक्षरात हा आकडा छापलेला असतो. दुकानात तोच सांगा. मोठ्या काळ्या सायकलीचं २८ बाय १½ म्हणजे ६३५, आणि तिचे बाकीचे भागही जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे एकमेकांना चालतात. ॲटलस या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. मला त्या बातमीचं फार वाईट वाटलं होतं. पण त्या सायकली आजही आमच्याकडे येतात आणि लुधियानाच्या साध्या सुट्या भागांवर पुन्हा रस्त्याला लागतात. दोन टायर, ट्यूब, चेन, केबल, ब्रेकरबर असं सगळं नवं घालावं लागलं तर दीड-दोन हजार रुपये धरून चाला. आणि चेनवर जळकं ऑइल ओतू नका, आपली धूळ त्याला चिकटते आणि चेन झिजवते.

हे सगळं करायला माणूस कुठून आणायचा? तुमच्याच बाजारात एखादा जुना सायकलवाला असेल, साठी ओलांडलेला, दिवसभर हवा भरून आणि पंक्चर काढून दुकान कसंबसं चालवणारा. त्याला शोधा, कामाचे पूर्ण पैसे द्या आणि तुमची मुलं त्याच्या हाताखाली बसवा. सेवा म्हणून फुकट कर असं त्याला सांगू नका. तुमच्या उपक्रमामुळे त्याचं गिऱ्हाईक तुटायला नको, वाढायला हवं.

आमच्याकडे प्रत्येक सायकलीबरोबर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या देतो. सायकल बिघडली की माणूस घराजवळच्या ठरलेल्या सायकलवाल्याकडे जातो, चिठ्ठी देतो, काम करून घेतो, आणि महिनाअखेर आम्ही त्या चिठ्ठ्या बघून सायकलवाल्याचे पैसे चुकते करतो. कधी कुठे काय मोडतं तेही चिठ्ठ्यांवरून समजतं. वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था त्सुनामीनंतर २००५ मध्ये श्रीलंकेत सायकली देण्यापासून सुरू झाली आणि पुढे आफ्रिकेत पोचली. तिथे ती सायकलींबरोबर गावोगावचे मेकॅनिकही तयार करते. मोठ्या संस्थेला जे करावं लागतं ते आपल्यालाही चुकत नाही. पैसे कमी असतील तर सायकली कमी द्या, चिठ्ठ्या बंद करू नका.

नोंदणीबद्दल थोडक्यात. काम वाढलं आणि बाहेरून पैसे घ्यायचे झाले तर सात जण मिळून १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था करता येते. ट्रस्ट किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी हेही मार्ग आहेत, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी हवा असेल तर सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. लोक विचारतात, सायकल दिली तर ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मिळेल का? मिळत नाही. ती करसवलत पैशांच्या देणगीला आहे, वस्तूला नाही, आणि रोख असेल तर दोन हजारांपर्यंतच. हे देणाऱ्याला आधीच सांगितलं की गैरसमज राहत नाही.

तुमच्या सोसायटीपुरतं आता एवढं करा. कमिटीचा ठराव घ्या, सूचनाफलकावर नोटीस लावा, प्रत्येक सायकलीला चिठ्ठी बांधा आणि महिनाभर थांबा. बाहेरगावी असलेल्या मालकांना फोन करा, खूप जण आनंदाने हो म्हणतात. मग प्रत्येक फ्रेमचा नंबर वहीत लिहा. तो बहुधा पेडलच्या आसाखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. गंजामुळे वाचता आला नाही तर पॉलिशपेपरने घासून वर खडू फिरवा, आकडे पांढरे उठतात. नंबर, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं एका ओळीत. चोरीची सायकल चुकून तुमच्या हातून पुढे गेली तर घेणारा बिचारा अडकतो. त्याच नंबराची, तुमच्या सहीची एक पावती त्याला द्या आणि पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून द्या. रात्री अकराला पाळीवरून परतणाऱ्या परप्रांतीय मजुराला नाक्यावर कुणी अडवलं, सायकल कुणाची म्हणून विचारलं, तर दाखवायला त्याच्या खिशात काहीतरी असलं पाहिजे.