टाइल्स निघाल्या, आता भिंतीचं काय करू?

मागच्या अंकात जुन्या किचन टाइल्स ओटा न फोडता कशा काढायच्या ते लिहिलं होतं, त्यावर जे प्रश्न आले ते बहुतेक सगळे पुढच्या पायरीचे आहेत, म्हणजे टाइल निघाली पण मागे भिंतीची जी अवस्था झालीये ती बघून घरचे वैतागलेत. त्यातले काही इथे घेतोय.

प्रश्न: सर नमस्कार, आमची बिल्डिंग तीसेक वर्षं जुनी, डोंबिवलीत. ओट्यामागच्या सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स काढल्या तर त्यांच्याबरोबर प्लास्टरही बऱ्याच ठिकाणी आलं, कुठे थेट विटा दिसतायत आणि कुठे जुनं सिमेंट हलायला तयार नाही. गवंडी म्हणतोय खड्डे तेवढे भरून घेऊ, वरून नवीन टाइल्स आल्यावर कोणाला काय दिसणार आहे. नवीन टाइल्स दोन बाय एकच्या विट्रीफाइड आणल्यात. खड्डेच भरायचे की सगळं प्लास्टर काढायचं?

उत्तर: ताई, गवंड्याचं अर्धं बरोबर आहे, दिसणार काहीच नाही. पण टाइल टिकणार की नाही ते मागच्या भिंतीवर ठरतं. तेव्हा आधी भिंत वाजवून बघा, त्याला मशीन वगैरे काही लागत नाही, हातोडीच्या लाकडी दांड्याने वीत-वीतभर अंतरावर ठोकत जायचं. घट्ट असेल तिथे टणक आवाज येतो, सुटलेलं असेल तिथे पोकळ, बद्द आवाज येतो आणि हाताला पण कळतं. पोकळ लागेल तिथे खडूने गोल करा. सगळी भिंत वाजवून झाली की लांब उभं राहून बघा, अर्ध्याच्या आसपास भिंत खडूने भरली असेल तर मग ठिगळं लावत बसू नका, सगळं काढा, मजुरी जवळपास तेवढीच लागते. दोन-चार जागीच असेल तर तेवढंच काढा, पण कडा हाताने कुरतडून सोडू नका, ग्राइंडरने सरळ चौकोन कापून घ्या म्हणजे नवं प्लास्टर कडेला पातळ होत जाऊन सुटणार नाही. ग्राइंडर लावायच्या आधी घराचा मेन स्विच बंद करा आणि ग्राइंडरला वीज घराबाहेरून, जिन्यातून घ्या, कारण जुन्या भिंतीत वायर कुठून फिरवलीये ते कोणालाच आठवत नसतं. चष्मा आणि चांगला मास्क लागतोच, साधा रुमाल बांधून ती धूळ थांबत नाही.

आता जे सिमेंट "हलायला तयार नाही" म्हणताय ते. त्या काळी टाइलच्या पाठीला सिमेंटची पेस्ट थापून टाइल बसवायचे, ती पेस्ट टाइल निघाल्यावर भिंतीवर गुळगुळीत राहते आणि त्यावर नवीन काहीच धरत नाही. घट्ट असेल तर काढू नका, छिन्नीने टाचे, म्हणजे छोट्या खाचा, मारून घ्या, इंच-दीड इंचावर एक, जवळजवळ. विटा उघड्या पडल्यात तिथे सांध्यातला माल साधारण अर्धा इंच खोल खरवडा आणि तारेच्या ब्रशने सगळी भिंत घासून घ्या. गॅसच्या मागचा भाग तेलकट असतो, टाइलच्या फटीतून तेल आत मुरलेलं असतं, तो धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने घासा.

मग पाणी. माझ्या मते यातली सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच आहे. कोरडी वीट मालातलं पाणी लगेच ओढून घेते, सिमेंटला जमायला पाणीच उरत नाही, आणि सहा महिन्यांनी तेच प्लास्टर नखाने खरवडलं तरी पावडर होऊन पडतं आणि मग दोष सिमेंटच्या कंपनीला. आदल्या रात्री भिंत भरपूर भिजवा, सकाळी परत एकदा, आणि काम सुरू करताना भिंत ओली दिसली पाहिजे पण वर पाणी चमकायला नको. जुन्या प्लास्टरच्या कडांना आणि काँक्रीटच्या कॉलमला एसबीआर लॅटेक्स (माल घट्ट धरून ठेवणारं दुधाळ द्रावण) घातलेलं सिमेंटचं पाणी ब्रशने लावा आणि ते ओलं असतानाच माल थापा. ते वाळलं की उलट थर सुटायलाच मदत होते, त्यामुळे सकाळी लावून चहाला जाणारा गवंडी असेल तर समोर उभं राहा. कॉलम आणि वीट मिळते त्या रेषेवर चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, दोन्ही बाजूला सहा-सहा इंच जाईल अशी ठोकून घ्या, नाहीतर तिथे उभी भेग ठरलेली.

माल एकास चार, म्हणजे एक सिमेंट आणि चार वाळू, वाळू चाळलेली. दहा फूट ओटा, वर दोन फूट उंची आणि बाजूचा तुकडा धरून पंचवीस-अठ्ठावीस चौरस फूट होतात, त्याला 15 मिलिमीटर जाडीने अर्धी गोणी सिमेंट आणि दोन घनफूट वाळू पुरते, दुकानदार दोन गोण्या देत असेल तर घेऊ नका. जाडी 12 ते 15 मिलिमीटर असावी, भिंत आत गेलेली असेल आणि 20 च्या वर जाणार असेल तर दोन थरात करा, पहिला खरबडीत ठेवून दुसऱ्या दिवशी दुसरा. एकाच वेळी जाड थापलं की ते स्वतःच्या वजनाने खाली सरकतं, वर पोट येतं.

फिनिशिंग मात्र तुमच्या बाबतीत करायचंच नाही. वर टाइल येणार आहे तेव्हा पट्टीने लेव्हल करून खरबडीत सोडा, घोटू नका, नीरू (चुन्याचा गुळगुळीत हात) नको, पुट्टी तर अजिबात नको. पुट्टीवर लावलेली टाइल पुट्टीलाच धरून राहते आणि पुट्टीसकट खाली येते. लेव्हलला मात्र सोडू नका, सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी उभी-आडवी-तिरकी लावून बघा, मागून तीनेक मिलिमीटरच्या वर फट दिसायला नको. तुमच्या जुन्या छोट्या टाइल्स सिरॅमिकच्या होत्या, त्या पाणी प्यायच्या म्हणून नुसत्या सिमेंटवर वर्षानुवर्षं राहिल्या. विट्रीफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही, अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी, म्हणून तिला टाइल अॅडेसिव्ह लागतं, गोणीवर आयएस 15477 लिहिलेलं बघून घ्या, आणि तो थर फक्त 3 ते 6 मिलिमीटरचा असतो, त्यात भिंतीचा वाकडेपणा लपत नाही.

एक सवय बघून ठेवा: प्लास्टर लवकर आवळावं म्हणून वरून सुकं सिमेंट भुरभुरतात आणि घोटतात. त्याने वर एक कडक पापुद्रा तयार होतो आणि थोड्याच दिवसात त्यावर बारीक जाळीदार भेगा येतात. करू देऊ नका. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस पाणी मारायचं, दिवसातून तीन वेळा, झाडांना मारायचा स्प्रे चालतो, आणि पहिले दोन दिवस किचनचा पंखा आणि एक्झॉस्ट बंद. नंतर आठवडाभर सुकू द्या आणि मग टाइल. किचन इतके दिवस बंद म्हणून सासूबाई बोलणार हे मला माहितीये, पण गॅलरीत शेगडी मांडून होतं सगळं.

प्रश्न: आमच्याकडे टाइल्स पार लिंटेलपर्यंत, म्हणजे दरवाजा-खिडकीवरच्या आडव्या पट्टीपर्यंत, होत्या. आता ओट्यावर दोन फूट ठेवून वरच्या काढल्या, तिथे कलर करायचाय. पण वरच्या साध्या भिंतीपेक्षा हा भाग खोलगट झालाय आणि टाइलच्या चौकोनांच्या रेषा दिसतायत. पुट्टीने जाईल का? (नाशिक)

उत्तर: रेषा जातील, खोलगटपणा नाही. पुट्टी म्हणजे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा एक हात, असे दोन हात, एकूण तीनच्या वर नाही. पाव इंचाचा खड्डा पुट्टीने भरला की ती आधी तडकते आणि पहिल्या पावसाळ्यात पोपडे. तुम्ही मधल्या भागात टाचे मारून, भिजवून बारीक चाळलेल्या वाळूचं प्लास्टर करून ते वरच्या भिंतीला मिळवून घ्या, सांध्यावर फायबरची जाळीची टेप लावून मग पुट्टी. पीओपी आणि जिप्सम किचनमध्ये स्वस्त आणि झटपट म्हणून सुचवतील, सिंकच्या भिंतीला ते नकोच, पाणी लागलं की मऊ पडतं. आणि रंगाची घाई नको, नवीन सिमेंट प्लास्टरला महिनाभर दिलेला बरा, नाहीतर प्रायमरसकट रंग उडतो.

प्रश्न: गावचं घर रत्नागिरीजवळ, भिंती जांभ्याच्या. टाइल्स काढताना चिऱ्याचे पण टवके उडाले. इथला गवंडी म्हणतो जांभ्याला प्लास्टर राहत नाही.

उत्तर: राहतं हो, कोकणात आणि गोव्यात घरंच्या घरं उभी आहेत. फक्त जांभा भोकाभोकाचा असतो आणि पाणी अक्षरशः गिळतो, तेव्हा भिजवणं विटेच्या दुप्पट समजा. टवके उडालेले खोल खड्डे आधी वेगळे भरून घ्या, त्यात जांभ्याचेच किंवा विटेचे तुकडे दाबा, दुसऱ्या दिवशी पूर्ण थर. चिऱ्याची जी माती होऊन सुटतेय ती घासून पूर्ण काढा. आणि घर जुनं असेल, चिरे चुन्यात बांधलेले असतील तर नुसतं कडक सिमेंट नको, एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू असा माल घ्या. हेच पुण्यातल्या वाड्यांना आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या चाळींना लागू, मऊ भिंतीवर कडक प्लास्टर घातलं की ते भिंतीचा पापुद्रा घेऊन सुटतं.

प्रश्न: आमच्या किचनची भिंत आणि शेजाऱ्यांच्या बाथरूमची भिंत एकच. आमच्याकडे ठोकठोक झाल्यावर त्यांच्या दोन टाइल्स सुटल्या. ते म्हणतात पूर्ण बाथरूम करून द्या. आता पुढे ठोकायची भीती वाटते. (पुणे)

उत्तर: साडेचार इंची भिंत असणार. तिला ब्रेकर (ठोकून फोडायचं मशीन) लावला की हादरे पलीकडे जातातच. आता ब्रेकर बंद, जे राहिलंय ते ग्राइंडरने छोट्या तुकड्यात कापून छिन्नी तिरकी धरून काढा, भिंतीत सरळ ठोकायचं नाही. वायर किंवा पाइपसाठी आडवी लांब खाच या भिंतीत अजिबात पाडू नका, उभी चालेल आणि तीही उथळ. शेजाऱ्यांचं म्हणाल तर त्यांच्या टाइल्सही वाजवून बघा, दोघांनी मिळून, सोसायटीतल्या कोणाला तरी साक्षीला घेऊन. जिथे पोकळ लागेल तेवढ्या तुम्ही बसवून द्या. पूर्ण बाथरूम मागणं मला तरी जास्त वाटतं, पण तीच टाइल बाजारात मिळत नसेल तर त्यांचाही मुद्दा आहेच, निदान एक पट्टा वेगळ्या डिझाइनचा करून देण्यावर मिटवा. पुढच्या वेळी काम सुरू करायच्या आधी पलीकडच्या भिंतीचे फोटो काढून ठेवायचे, भांडणं निम्मी होतात.

प्रश्न: सिंकच्या खाली आणि मागे टाइल काढल्यावर भिंत ओली आहे आणि पांढरी पावडर आलीये, घासली की परत येते. वॉटरप्रूफिंग करून वरून प्लास्टर केलं तर चालेल? (सांगली)

उत्तर: नाही चालणार. तो लोणा आहे. पाणी भिंतीतून येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. घरातले सगळे नळ बंद करून मीटर असेल तर तो बघा, काटा हळूच फिरत असेल तर प्रेशरची लाइन गळतेय, म्हणजे भिंतीतला जुना जीआय (लोखंडी) पाइप, आणि तो आत्ता भिंत उघडी असतानाच बदला. सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप टाकून प्लंबरला प्रेशर टेस्ट करायला लावा आणि भिंत नंतरच बंद करा, हे उलट्या क्रमाने झालेलं फार ठिकाणी बघितलंय. मीटर थांबलेला असेल तर वेस्ट पाइप किंवा ओटा आणि भिंतीमधली फट बघा, बऱ्याचदा पाणी तिथूनच जातं. गळती थांबल्यावर ओलीच्या डागाच्या बाहेर फूटभर सगळ्या बाजूंनी प्लास्टर काढा, पावडर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका कारण क्षार विरघळून परत आत जातात. भिंत सुकायला तीन-चार आठवडे धरा, सुकली की नाही बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, आतून घाम आला तर अजून थांबा.

प्रश्न: दादा, आम्ही न्यू जर्सीत असतो, इथे टाइल्स काढल्या तर मागचा कागदच फाटून आला, सिमेंट कुठे मिळेल?

उत्तर: तुमच्याकडे सिमेंटचं प्लास्टर नाहीच, ती ड्रायवॉल आहे, जिप्समचा बोर्ड आणि त्याला दोन्हीकडून कागद. थोडाच फाटला असेल तर सुटलेला कागद कापून, सीलर लावून जॉइंट कंपाउंडने भरा. जास्त असेल तर तेवढा बोर्ड स्टडपर्यंत, म्हणजे आतल्या उभ्या दांड्यांपर्यंत, कापून नवीन तुकडा स्क्रूने बसवा, ते पटकन होतं.

प्रश्न: एवढी तोडफोड करण्यापेक्षा टाइलवर टाइल लावली तर?

उत्तर: जुनी टाइल सगळीकडे घट्ट वाजत असेल, भिंतीत ओल नसेल आणि पाइप बदलायचे नसतील तर लावा, त्यासाठीचं अॅडेसिव्ह वेगळं मिळतं, साधं नको. जुनी टाइल सोड्याने तेल काढून घासून घ्या, वरची चमक ग्राइंडरने मारा. भिंत अर्धा-पाऊण इंच पुढे येईल, तेवढे स्विचबोर्ड पुढे घ्यावे लागतील आणि सिंकच्या नळाला एक्स्टेंशन निपल (लांबी वाढवणारा पाइपचा तुकडा) लागेल. पाइप गॅसचं कनेक्शन असेल तर ती नळी प्लंबरला हलवायला सांगू नका, गॅस कंपनीचा माणूस बोलवा.

पुढच्या अंकात ओट्याच्या ग्रॅनाइटचे प्रश्न घेऊ. पाठवताना भिंत किती इंची आहे आणि बिल्डिंग साधारण किती जुनी आहे तेवढं नक्की लिहा, आणि फोटो उजेडात काढलेला असावा.