रंकाळ्यासारखा तलाव कार्बन डायऑक्साइड शोषतो की सोडतो, हे कसे मोजतात?

एका वेळच्या मोजणीवरून हे ठरवता येत नाही, कारण दिवसा शैवाल प्रकाशसंश्लेषणासाठी हा वायू ओढून घेते आणि रात्रभराच्या श्वसनाने तो पाण्यात पुन्हा साठतो. म्हणून पहाटेचा आणि दुपारचा असे किमान दोन नमुने हवेत. मोठ्या सिरिंजमध्ये बुडबुडा येऊ न देता पाणी घ्यायचे, त्यात मोजून हवा ओढायची, काही मिनिटे जोरात हलवायचे आणि वर जमलेला वायू गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातील वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून, आधीच्या हवेतील वाटा वजा करून, हेन्रीच्या नियमाने (ठरावीक तापमानाला पाण्यात किती वायू विरघळतो, हे वरच्या हवेतील त्याच्या दाबावरून सांगणारा नियम) पाण्यातील मूळ प्रमाण काढायचे. ते हवेशी समतोल असतानाच्या प्रमाणापेक्षा जास्त निघाले, तर तलाव वायू सोडतो; कमी निघाले, तर शोषतो. पाण्याचे तापमान नोंदवायला विसरलात, तर सारी मेहनत अक्षरशः पाण्यात जाते.

प्रत्यक्ष देवाणघेवाण पाण्यावर पालथ्या तरंगत्या डब्यातील वायूच्या बदलावरून मोजतात. गाळातून बुडबुड्यांवाटे सुटणारा मिथेन मात्र सिरिंजमध्ये सापडत नाही. त्यासाठी पाण्याखाली उलटे नरसाळे टांगून ठेवावे लागते. जलपर्णी कुजत असलेल्या उथळ काठाशी माझ्या मते ते टाळूच नये, कारण १०० वर्षांच्या हिशेबात मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम, वजनास वजन धरता, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट असतो.