सोलापूरच्या जुन्या रहिवाशांकडून शहराचा इतिहास ऐकायचा असेल, तर कुणाला भेटावं आणि काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की बदलीवर सोलापुरात आलात, संध्याकाळ मोकळी असते आणि गावचा इतिहास माणसांच्या तोंडून ऐकायची इच्छा आहे. पण ज्याला विचाराल तो सिद्धेश्वर, चार हुतात्मे आणि चादर एवढं सांगून मोकळा होतो. तसं होणारच. ‘सोलापूरचा इतिहास सांगा’ म्हटलं की समोरचा पंधरा ऑगस्टच्या भाषणाला उभा राहतो आणि शाळेत पाठ केलेलंच म्हणून दाखवतो. मी पूर्व भागातल्या एका पतसंस्थेत बरीच वर्षं नोकरी केली. काउंटरला गर्दी नसली की खातेदार म्हाताऱ्यांना बोलतं करायची खोड तिथे लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्यातून एक कळलं, या गावात इतिहास विचारू नये, काम विचारावं. कुठल्या खात्यात होता? पगार कोणत्या वारी व्हायचा? रातपाळीचा डबा कोण पोचवायचं? मग बघा, माणूस कसा खुलतो.

सोलापूर मोठं झालं ते गिरण्यांमुळे. रेल्वे इथे १८६० मध्ये आली आणि १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे सगळे जुनी मिल म्हणू लागले. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा एकामागून एक गिरण्या आल्या. घड्याळ घरोघरी नव्हतंच. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की निघायचं. मिल कामगारांच्या घरात आजही एखादी आजी ‘पहिल्या भोंग्याला तुझे वडील जन्मले’ असं सहज बोलून जाते. तुम्हाला असा माणूस भेटला की मिलचं नाव विचारून थांबू नका, खातं विचारा. साळ खात्यातल्याचं, म्हणजे कापड विणणाऱ्याचं सोलापूर वेगळं असतं आणि रिंग खात्यातल्याचं, म्हणजे सूत कातणाऱ्याचं वेगळं. बदली कामगाराने तर वेगळंच शहर पाहिलेलं असतं. आज काम मिळेल की नाही, हे त्याला सकाळी गेटवर उभं राहिल्यावरच कळायचं. जॉबरशी, म्हणजे माणसं कामावर लावणाऱ्या मुकादमाशी कुणाचं कसं होतं, हेही विचारा. जात, गाव, नातं, उसनवारी असलं सगळं त्या एका उत्तरात येतं.

मिल बंद पडल्याची गोष्ट मात्र घाईने काढू नये. १९९०च्या दशकात मोठमोठ्या मिलला कुलपं लागली. देणी रखडली, कोर्टात गेली, काहींना म्हातारपणी मिळाली आणि काहींच्या बायकांना मिळाली. हे सांगताना माणसं चिडतात, नाहीतर एकदम गप्प होतात. मी एवढंच विचारतो, ‘मग पुढं काय केलं मामा?’ कुणी रिक्षा घेतली, कुणी यंत्रमागावर कमी पैशात उभा राहिला, कुणी पुण्यात वॉचमन झाला. आज सोलापूरची निम्मी पोरं पुण्यात आहेत असं आपण गमतीने म्हणतो, त्या वाटेवर मिलचा कामगार आधी गेला होता. सोलापूर–पुणे धावणाऱ्या गाडीचं नाव हुतात्मा एक्सप्रेस. शनिवारी-रविवारी ती भरभरून ये-जा करते, आणि तुम्हाला बोलायला माणूस हवा असेल तर त्या गाडीइतकी सोय दुसरीकडे नाही.

आता पूर्व भाग. कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ, घोंगडे वस्ती. इथल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणले, पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्रावर चादरी निघू लागल्या. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि टॉवेल परदेशी जाऊ लागला. एवढं कुणीही सांगेल. न सांगितलेला भाग घरातल्या बाईकडे असतो. नवरा मागावर, बायको विडी वळायला, अशी जोडी इथे घरोघर होती. मागाला कधी मंदी, कधी वीज नाही, कधी सूत महाग, पण विडीचे पैसे आठवड्याला हातात यायचे. म्हणजे विणकराचं घर पुष्कळदा विडीवर चाललं. हे वाक्य मी एखाद्या कारखानदारासमोर बोललो तर तो मान्य करणार नाही. पतसंस्थेच्या पासबुकात मात्र मला हेच दिसायचं. आठवड्याची बारीक रक्कम भरायला बाईच यायची.

विडी वळणाऱ्या बाईशी बोलायचं तर तिच्या कामाच्या वेळीच बसा, नंतर नको. नंतर तिला वेळच नसतो. तेंदूची पानं रात्री भिजत घातलेली असतात, सकाळी कात्रीने कापतात, तंबाखू भरून दोऱ्याने बांधतात आणि मजुरी हजार विड्यांवर मोजतात. बोलताना हात थांबत नाहीत, नजरही वर उठत नाही, आणि त्यामुळेच बहुतेक ती मोकळी बोलते. पहिली विडी कितव्या वर्षी वळली? कारखान्यात किती विड्या बाद काढायचे? बाद काढलेल्या विड्यांचं पुढे काय व्हायचं? या तिसऱ्या प्रश्नावर मिळणारी उत्तरं ऐकण्यासारखी असतात, मी इथे लिहीत नाही. घराचा विषय निघाला तर सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन या. २००६ साली तिथे विडी कामगार बायकांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली. त्या मागणीमागे कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, आणि लाल बावट्याच्या (कम्युनिस्टांच्या) मोर्चांची वर्षं आहेत. शेजारीच असंघटित कामगारांसाठी रे नगर उभं राहिलं, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. राजकारण कुणाचंही असो, भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या दारात आलेली बाई त्या दिवसाचं वर्णन वेळ विसरून करते.

चार हुतात्म्यांबद्दल ऐकायचंच असेल तर आधी कागदावरच्या गोष्टी पक्क्या करा, म्हणजे ऐकलेल्यात काय जास्तीचं आहे ते ओळखता येईल. मे १९३० च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, जाळपोळ झाली. पुढचे दोन-तीन दिवस पोलीस गावात दिसेनासे झाले आणि कारभार लोकांच्याच हाती राहिला. १२ मेपासून ३० जूनपर्यंत मार्शल लॉ होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशी चार घरांतली चार माणसं. पार्क मैदानाजवळ त्यांचे पुतळे आहेत. ते डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून ‘तेव्हा काय झालं?’ असं विचारण्यात अर्थ नाही. ‘तुमच्या घरात मार्शल लॉची काय गोष्ट सांगायचे?’ असं विचारा. मग टोपीच्या गोष्टी निघतात. गांधी टोपी दिसली की शिपाई छळायचे, म्हणून कुणी ती पिठाच्या डब्यात लपवली, कुणी मुद्दाम घालून मिरवला. प्रत्येक पेठेत हा मुद्दाम मिरवणारा माणूस आपलाच असतो, हे गमतीने लक्षात ठेवा.

एक विषय बाहेरून आलेले लोक हमखास विसरतात, तो म्हणजे निजामाची हद्द. तुळजापूर, नळदुर्ग पलीकडच्या राज्यात होते, सोलापूर इंग्रजांच्या. पंचेचाळीस किलोमीटरच्या आतच दुसरा देश होता म्हणा ना. रझाकारांच्या काळात तिकडची कितीतरी कुटुंबं सोलापुरात आश्रयाला आली, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेची मुख्य तुकडी इथूनच नळदुर्गमार्गे हैदराबादकडे निघाली. ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’ या साध्या प्रश्नाला उस्मानाबादकडचं (आताच्या धाराशिवकडचं) नाव आलं तर कान टवकारा. पण हे पहिल्या भेटीत उकरू नका. रझाकारांनी पिडलेली घरं इथे आहेत आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे त्याच फौजी कारवाईनंतर मार खाल्लेली मुसलमान घरंही इथेच आहेत, एकाच गल्लीत. दोघांचं ऐका, आणि एकाचं दुसऱ्याकडे बोलू नका.

तसंच सेटलमेंटचं. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. त्यांतल्या लोकांना इथे तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घ्यायचे आणि गिरण्यांत कामाला पाठवायचे. ते लोक ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या कायद्यातून सुटले, आणि तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. त्या वस्तीत जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबर जा आणि कॅमेरा घरी ठेवा. तार आणि हजेरीपेक्षा तिथल्या लोकांना आपल्या शिकलेल्या पोरांबद्दल बोलायचं असतं. ते बोलू द्या. सोलापूरचा इतिहास तोही आहे, आणि जास्त ताजा आहे.

सणांचं थोडक्यात सांगतो, कारण ते कुणीही सांगेल. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावर अक्षता, बाराबंदी घातलेली माणसं. नंदीध्वजाची काठी पेलणाऱ्याला सराव कधी सुरू करतो, खांद्याला काय होतं ते विचारा. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो. आजोबा गणपती १८८५ चा, म्हणजे पुण्याच्या सार्वजनिक उत्सवाच्या आधीचा, हे तुम्हाला पुणेकर समजून दोनदा ऐकवलं जाईल. भैय्या चौकात, युद्धकाळात चीनमध्ये जाऊन जखमींची सेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. चीनमधून पाहुणे येतात, शेजारचा चहावाला कधी आत गेलेला नसतो.

कुणाशी बोलणं सुरूच होत नसेल तर एक हुकमी प्रश्न आहे, ‘तुमच्याकडे पाणी कधी येतं?’ शंभर किलोमीटरवरच्या उजनीतून पाइपलाइनने पाणी येतं, आणि तरी चार-पाच दिवसांआड पाणी ही आमच्या पिढ्यांची सवय आहे. आधी हिप्परग्याचा तलाव होता, मग उजनी आली, मग टँकर, मग नवी लाइन. घराघरातली बाई हा हिशोब महापालिकेपेक्षा चोख सांगते. बॅरल कधी घेतला, टाकी कधी बांधली, रात्री दोनला कोण उठायचं. सालं मात्र कुणालाच आठवत नाहीत, पाण्याची नाहीत आणि दुसरीही नाहीत. त्यासाठी ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘तेव्हा मोठा मुलगा कितवीत होता?’ असं विचारावं. साल बरोब्बर सापडतं.

जुनंच हवं असंही समजू नका. १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरची चिमणी विमानसेवेसाठी पाडली. ती पाडावी म्हणून आंदोलनं झाली, पाडू नये म्हणूनही झाली. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारा आणि होटगी रोडच्या व्यापाऱ्याला विचारा, एकाच चिमणीच्या दोन उंच्या कळतील. हे आत्ता लिहून ठेवलं नाही तर वीस वर्षांनी तेही पाठ केलेलं भाषण होईल.

भाषेची चिंता करू नका. मराठी सगळीकडे चालते. पण म्हातारी अव्वा कन्नडमध्ये शिरली किंवा अण्णा तेलुगूत गेले तर थांबवू नका, नातवंडं सांगतील. त्यांच्याच घरातल्या कॉलेजच्या पोराला बरोबर बसवलं तर त्यालाही पहिल्यांदा ऐकायला मिळतं. कुणी तुम्हाला ‘का बे’ म्हणालं तर रागावू नका, तुम्ही गावात घेतले गेलात. तुम्ही मात्र वडीलधाऱ्यांना तसं म्हणू नका. उन्हाळ्यात दुपारी कुणाच्या दारात जायचं नाही. मे महिन्यात इथे पारा ४४ च्या पुढे जातो आणि दुपारी जाग्या असलेल्या माणसाला गप्पा नको असतात. संध्याकाळी सहानंतर कट्टे भरतात.

फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा आणि एक प्रत त्यांच्या घरच्यांना पाठवा. जुना फोटो दिसला तर मागायचा नाही, तिथेच त्याचा फोटो काढायचा. मिलचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती असं काही ट्रंकेत आहे का, एवढं नक्की विचारा. माणसं या कागदांना रद्दी समजतात. एका घरातून अशी पिशवी मी शेवटच्या क्षणी रद्दीवाल्याच्या काट्यावरून उचलली होती. आत पगाराच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्यांच्या मागच्या बाजूला आजीने लिहिलेले किराण्याचे हिशोब.

तुम्ही कुठल्या भागात घर घेतलंय ते खाली लिहा. मुरारजी पेठ, बाळी वेस किंवा रेल्वे लाइन्सच्या जवळ असाल तर मिलवाल्यांपासून सुरू करा. नीलम नगर, विडी घरकुलाकडे असाल तर बायकांपासून. होटगी रोडला असाल तर आधी चिमणीचा विषय काढा, संध्याकाळ पुरणार नाही.