नेटवर्कमध्ये एक जास्तीची लिंक टाकल्यावर सगळेच मंदावतात, हे शक्य आहे का?

हो, शक्य आहे. याला ब्रेसचा विरोधाभास म्हणतात. जर्मन गणितज्ञ डिट्रिश ब्रेस यांनी तो 1968 मध्ये मांडला.

समजा, 4000 गाड्या आणि दोन मार्ग. प्रत्येक मार्गात एक रुंद टप्पा, गर्दी कितीही असो, 45 मिनिटांचा; दुसरा अरुंद, गाड्यांची संख्या भागिले 100 इतक्या मिनिटांचा. एका मार्गात अरुंद टप्पा आधी येतो, दुसऱ्यात नंतर. गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात: 20 अधिक 45, म्हणजे 65 मिनिटं. आता दोन्ही अरुंद टप्पे जोडणारा शून्य मिनिटांचा पूल बांधा. अरुंद टप्पा फार तर 40 मिनिटांचा, म्हणून जो तो तिकडेच वळतो. 40 अधिक 40, झाली 80 मिनिटं! आणि एकट्याने जुना मार्ग धरावा तर 85.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा नॅश समतोल, म्हणजे एकट्याने निवड बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती. कुणी चुकलेलं नाही, तरी सगळ्यांचं नुकसान. आपापल्या सोयीने मार्ग निवडणाऱ्या डेटाच्या पॅकेटांचंही (नेटवर्कवरून जाणाऱ्या छोट्या तुकड्यांचंही) असंच होऊ शकतं.

मला मात्र याच विरोधाभासाचा भौतिकशास्त्रातला प्रयोग जास्त आवडतो. दोन स्प्रिंगा एकीखाली एक अशा आखूड दोरीने जोडून खाली वजन टांगायचं. शेजारी दोन ढिल्या दोऱ्या बांधायच्या: एक वरच्या आधारापासून खालच्या स्प्रिंगच्या वरच्या टोकापर्यंत, दुसरी वरच्या स्प्रिंगच्या खालच्या टोकापासून वजनापर्यंत. मधली दोरी कापली की वजन खाली यायच्या ऐवजी चक्क वर जातं, कारण आता स्प्रिंगा भार वाटून घेतात.