घाईचा भाव

सोलापूर,
जानेवारीचा पहिला आठवडा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पगार वीस तारखेच्या आत का संपतो असं विचारत पाठवलेली तुझी डिसेंबरच्या खर्चाची यादी मिळाली. फोनवरून ज्याला ज्याला पैसे दिलेस ते सगळं तारीख-वेळेसकट उतरवून पाठवलंस, हे फार चांगलं केलंस. चिंचोळीच्या कंपनीतून थकून आल्यावर एवढं लिहायला बसणं सोपं नाही. मी ती यादी दोनदा वाचली. पहिल्यांदा रकमा बघितल्या. त्यात उधळपट्टी म्हणावी असं काहीच नव्हतं. महागडे बूट नाहीत, पार्ट्या नाहीत, बहुतेक रकमा शंभर-दीडशेच्या. मग दुसऱ्यांदा नुसत्या वेळा बघितल्या आणि तिथे तुझा पगार सापडला. रात्री ९.४०, १०.०५, ९.५५. सकाळी ८.२०, ८.२५. महिन्यात १४ रात्री तू साडेनऊनंतर जेवण मागवलंस. सरासरी १३० रुपये धरले तरी हे झाले १,८२० रुपये, आणि त्यातल्या निम्म्या रात्री तू लिहिलंयस, ‘काहीच सुचलं नाही म्हणून मागवलं.’

बाळा, बाजारात मालाचा एक भाव असतो आणि घाईचा एक. मालाचा भाव सगळ्यांना द्यावा लागतो. तुझा पगार वीस तारखेच्या आत संपतो तो दुसऱ्या भावापायी.

हे मला कसं कळलं ते सांगते. ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी चार डब्यांवर खानावळ सुरू केली. हातात भांडवल नव्हतं. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर डाळ, छटाकभर तेल, दोन कांदे असं उधारीवर आणायचं आणि चूल पेटवायची. सहा महिन्यांनी मार्केट यार्डाकडच्या एका घाऊक दुकानातल्या दिवाणजींना मी माझी उधारीची वही दाखवली. त्यांनी तोच माल, तेवढाच माल, महिन्याचा एकदम घेतला असता तर किती झाला असता ते शेजारी मांडून दिलं. फरक आला तो आमच्या त्या वेळच्या खोलीभाड्याएवढा. त्या दुकानदारानं मला फसवलं नव्हतं. सुट्या मालाचा, उधारीचा आणि रोजच्या धावपळीचा भाव तो लावत होता, एवढंच. पुढच्याच महिन्यात मी माझ्या दोन बांगड्या गहाण ठेवून महिन्याचा किराणा एकदम भरला. खानावळ त्या दिवसापासून उभी राहिली.

म्हणून तुला ‘बाहेरचं खाऊ नकोस’ असं मी म्हणणार नाही. रात्री ९.४० ला खोलीत काय असतं, एवढंच आधी ठरव.

आणि त्यासाठी तुला लांब जायला नको. सोलापूरनं या वेळेची सोय केव्हाच करून ठेवली आहे. कडक भाकरी. ज्वारीची पातळ भाकरी थापून, भाजून, पार वाळवलेली. कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवली तर महिनाभर तिला काही होत नाही. सोबत शेंगाचटणी. शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ उखळात कुटून तेल सुटेपर्यंत केलेली. बाजारात कोरडीही मिळते, हाताला तेल लागेल ती घे. रात्री येताना पावशेर दही आणायचं, कांदा फोडायचा, भाकरी चुरायची. पाच मिनिटांत पोटभर जेवण. दुधात चुरून खाल्ली तरी चालते, आणि गरम आमटीत चुरलीस तर दुसरं काही आठवणार नाही. बचत गटाच्या बायका भाकरीची पाकिटं विकतात, त्यांच्याकडून घे. तुम्ही तिघं खोलीवर आहात, तिघांत महिन्याच्या चार पाकिटांचा हिशेब बसेल. मी तुला रोज हेच खा म्हणत नाही. ‘काहीच सुचलं नाही’च्या सात रात्री एवढ्यावर निघाल्या तरी पुष्कळ झालं.

बाकीच्या रात्रींसाठी महिन्याची खानावळ लाव. लावताना एक गोष्ट आधी विचारून घे: खाडा किती दिवसांचा धरतात? काही ठिकाणी सलग दोन-तीन दिवस आलं नाही तरच पैसे वजा होतात, काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तर एका वेळचाही खाडा धरतात. डिसेंबर सोडला तर तू दर शनिवारी सांगोल्याला घरी जातोस. खाड्याचं बोलणं आधी झालं नाही तर महिन्यात आठ-दहा वेळचं जेवण न जेवता भरशील. मी २२ वर्षं खानावळ चालवली, म्हणून सांगते, हे विचारणाऱ्या पोराचा खानावळवालीला राग येत नाही. न विचारता महिनाअखेरी भांडणाऱ्याचा येतो.

मागवायचंच असेल तेव्हा त्या हॉटेलच्या भिंतीवरचा भाव आणि फोनवरचा भाव एकदा शेजारी ठेवून बघ. पुष्कळ ठिकाणी फोनवर पदार्थाचाच भाव जास्त असतो, त्यावर पॅकिंग, त्यावर आणून देण्याचे पैसे. तुझ्या खोलीपासून सात रस्ता चौक चालत दहा मिनिटं. जाऊन खा, गरम खा. आणि हॉटेलच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला दिसला तर तो काढायला सांग. तो आपोआप बिलात घालता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ सालीच सांगितलंय. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. टेबल पुसणाऱ्या पोराला मात्र तुझ्या हातानं दहा रुपये देत जा.

किराण्याचं आता. छापील किंमत म्हणजे जास्तीत जास्त किंमत, त्याच्या खाली विकायला दुकानदाराला कोणी अडवलेलं नाही. दोन दुकानं फिरलास की कळेल. पाकिटावर हल्ली छापील किमतीजवळच ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं तेही बारीक अक्षरात दिलेलं असतं. ते वाचायची सवय लाव. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं असं नाही. शॅम्पूच्या छोट्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, तू बाटली घेतोस. तेलाच्या पिशवीवर वजन बघ: एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. शेजारशेजारच्या दोन पिशव्या सारख्याच दिसतात आणि एकीत ऐंशी-नव्वद ग्रॅम कमी असतं. स्वस्त म्हणून उचलली ती तीच निघते.

भाजीला लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उशिरा जा. मेथी, कोथिंबीर, पालक रात्रभर टिकत नाही, म्हणून विकणारी बाई स्वतःच जुडी स्वस्त करते. तिनं केली तेवढी घे, वर घासाघीस करू नकोस. पहाटे चारला उठून आलेली असते ती. कांद्याचं एक लक्षात ठेव. सध्या यार्डात लाल कांद्याचे ढीग लागलेत आणि पोतं स्वस्त दिसेल, पण तो कांदा टिकत नाही, कोंब फुटतात, सडतो. आठवड्यापुरताच आण. साठवायचा तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेमध्ये. ज्वारीचंही तसंच. नवी ज्वारी काढणीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते, तूरडाळही त्याच सुमाराला नवी येते. वर्षभराच्या धान्याला पैसे घालायचे ते तेव्हा.

करमणुकीचं वाचून मला जरा वाईट वाटलं. पैशासाठी नव्हे. चार शनिवार तू घरी गेला नाहीस, खोलीवर कंटाळलास आणि आयत्या वेळी संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढलंस. तिकिटापेक्षा मक्याच्या लाह्या महाग पडल्या. चित्रपट बघ, सकाळचा खेळ बघ, जेवून जा. पण त्या चारांतले दोन चित्रपट कसे होते ते तुला यादीत लिहावंसंही वाटलं नाही. घाईनं घेतलेली मजा लक्षातही राहत नाही.

तू या गावात पाच वर्षं आहेस आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत एकदाही धड फिरला नाहीस, हे मला माहीत आहे. परीक्षा असायची. यंदा ये. १३ तारखेला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा आहे. सात नंदीध्वज येतात, बाराबंदी घातलेली माणसं त्या एवढाल्या उंच काठ्या तोलून चालतात, आणि लोक अक्षता टाकतात तो क्षण मी लहानपणापासून चुकवलेला नाही. १४ ला होम मैदानावर होमविधी, १५ ला रात्री शोभेचं दारूकाम. याला तिकीट नाही. पाळण्यांकडे मात्र २०० रुपये रोख घेऊन जा आणि फोन खिशातच राहू दे. नोटा संपल्या की घरी.

सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती ६८ लिंगं स्थापन केली. एका रविवारी सायकल घेऊन निघालास तर सगळी होणार नाहीत, दहा-बारा होतील, आणि पेठा, वाडे, गल्ल्या असं गाव कळेल, जे तुला कंपनीच्या बसमधून कधी दिसलं नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासदत्व घे. संध्याकाळचा तास तिथे गेला की फोनवरच्या दोन वाहिन्या आपोआप नकोशा होतील. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागलं की मागच्या रांगेचं तिकीट काढ, आवाज शेवटपर्यंत पोचतो. आणि हुरड्याला पाचशे-सातशे रुपये घेणाऱ्या जागी कशाला जातोस? तुमच्या खोलीवरच्या मंगळवेढ्याच्या पोराला विचार. मालदांडी ज्वारीच्या गावचा आहे तो.

फोनमधली तीन कामं आजच कर. आपोआप पैसे कापून जाणाऱ्या वर्गण्या ‘ऑटोपे’त सापडतील, ज्या दोन महिने उघडल्या नाहीस त्या बंद कर. ‘नंतर पैसे द्या’ म्हणणाऱ्या सोयी काढून टाक. त्या जुन्या उधारीच्या वहीसारख्याच आहेत. आणि क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल तारखेला भरता येत नसेल तर कार्ड वापरू नकोस, राहिलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. पोस्टात आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून निघते. तू ५०० नं काढ आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी भरत जा, महिनाअखेरी नको.

काही खर्चांवर मी खूण केलेली नाही, ते बघ. आईला आणलेलं स्वेटर, एसटीचं भाडं, मित्राच्या वडिलांच्या औषधाला दिलेले ६०० रुपये. ते तसेच राहू देत. त्यांच्यासाठीच बाकीचं वाचवायचं.

एक काम आहे. माझा भाचा मंगळवेढ्याकडून यंदाही ज्वारीचं पोतं आणणार आहे, मळणी झाली की. पन्नास किलो मला एकटीला फार होते. तुम्ही तिघं मिळून वीस किलो घेणार असाल तर संक्रांतीच्या आत कळव, म्हणजे त्याला तसं सांगते. दळण माझ्या नेहमीच्या गिरणीतच देऊ, पण पाच-पाच किलोच. उन्हाळ्यात पीठ लवकर कडू होतं. भाकरी थापायला येत नसेल तर रविवारी सकाळी ये. परात आणि पाट माझ्याकडे आहे.

तुझी,
खानावळवाली मावशी