निधी मागणं हे संशोधकाचं काम आहे का?

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. मेंदूतल्या रक्तप्रवाहावर संशोधन करायचं आहे. विज्ञान संशोधनाला पुरेसा निधी मिळावा यासाठी बोलायलाही आवडतं, वक्तृत्व स्पर्धेत याच विषयावर बोलले. बाबा म्हणतात, एक काहीतरी धर. भौतिकशास्त्रातून मेंदूकडे जाता येईल का? आणि काय धरू?

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. कोणतं अर्धं, ते पुढे सांगते.

आधी भौतिकशास्त्राचं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर स्वस्थ असतानाही ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के, आणि गाठीला जवळजवळ काहीच ठेवत नाही. त्यामुळे जो भाग कामाला लागेल तिथे काही सेकंदांत जास्तीचं रक्त पोचावं लागतं. ते वाढवतं कोण? धमन्यांचे स्नायू, केशवाहिन्यांना बिलगलेल्या पेरिसाइट पेशी, की ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या ताऱ्यासारख्या आधारपेशी? कुणाचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहेत, म्हणजे पीएचडीला विषयांची ददात नाही.

यात तुझ्या विषयाचं काय काम, ते बघ. उंदराच्या कवटीत काचेची चिमुकली खिडकी बसवतात, रक्तद्रवात चमकणारा रंग सोडतात आणि टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाचा लेसर एकाच केशवाहिनीवरून पुन्हा पुन्हा फिरवतात. तांबड्या पेशी तो रंग घेत नाहीत, म्हणून पडद्यावरच्या उजळ पट्टीत तिरक्या काळ्या रेघा उमटतात. रेघ किती तिरकी, त्यावरून पेशीचा वेग निघतो. अशा हजारो रेघांमधून वेग अचूक काढायचा तर प्रकाशशास्त्र, सिग्नल प्रोसेसिंग आणि पायथन ही संगणकाची भाषा हवी. जीवशास्त्र वाचून भरून काढता येतं. (पण वाच खरंच. ‘नंतर बघू’ म्हणणारे मुलाखतीत सापडतात.)

एमएस्सीच्या काळात दोन-तीन महिने अशा प्रयोगशाळेत काढ. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास बसणं जमतं का, प्राण्यांवरचे प्रयोग मनाला पटतात का, हे तिथेच कळेल. नाही पटले तर एमआरआय वापरून माणसांवर अभ्यास करता येतो. त्यात कमीपणा काही नाही.

आता निधी. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी दाखवलं की ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्राकडे ओढलं जातं, ऑक्सिजन धरलेलं ओढलं जात नाही. ‘याचा उपयोग काय?’ असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर उत्तरात मेंदू आला नसता. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूवर दाखवून दिलं की याच फरकामुळे रक्तातल्या ऑक्सिजनचं कमी-जास्त होणं एमआरआयवर दिसतं. त्यातून फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणारं एमआरआय, आलं. मध्ये गेली ५४ वर्षं, आणि अनुदान मिळतं साधारण तीन ते पाच वर्षांचं! निधीसाठी बोलणाऱ्याची सगळी अडचण या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. मग ‘पाच वर्षांत स्मृतिभ्रंश बरा करू’ असं ठोकून द्यायचा मोह होतो. तेवढं करू नकोस. पाच वर्षांनी त्याच लोकांसमोर पुन्हा उभं राहायचं असतं.

बाबांचं बरोबर असलेलं अर्धं इथे येतं. पुढची सहा-सात वर्षं पहिला मान प्रयोगशाळेचा. पैसा मध्येच थांबला की तयार केलेला माणूस निघून जातो, जोपासलेला उंदरांचा वंश बंद करावा लागतो. हे आत राहिलेल्याने सांगितलं की लोक ऐकतात. स्पर्धेतल्या भाषणाला टाळ्या मिळतात, इतकंच. दरम्यान गाइडबरोबर अनुदानाचे प्रस्ताव लिहायला बस, तो सराव दोन्हीकडे उपयोगी पडतो. पुढे विज्ञान-धोरणात किंवा वैज्ञानिक संघटनांमध्ये पूर्ण वेळाच्या जागा असतात. थोड्या, पण असतात. आणि हो, कुठल्याही संस्थेच्या पगारावर असताना लोकप्रतिनिधींना भेटायचं झालं तर आधी तिथले नियम वाच.

या आठवड्यात एवढंच कर. त्या तिरक्या रेघांवर एक पान लिही आणि बाबांना वाचायला दे. ते जिथे थांबून ‘म्हणजे काय?’ विचारतील तिथे खूण कर, आणि तेवढा भाग पुन्हा लिही.